हिरव्या जागेचा पत्ता

"हिरवं म्हणजे खरंच हिरवं पाहिजे. आणि पाणी पाहिजे. लेकरांना पाय सोडून बसता येईल एवढं तरी," साहेब म्हणाले आणि टेबलावरचा नकाशा त्यांनी माझ्याकडे फिरवला.

नकाशा जुन्या जिल्ह्याचा होता. आमचा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नवा नकाशा अजून छापून यायचा होता. जुन्यावरच लाल पेन्सिलीने शीव ओढून आम्ही काम भागवायचो. ऑफिस एका भाड्याच्या घरात होतं. स्वयंपाकघरात फाइली आणि पडवीत ड्राफ्ट्समन. शिक्के आले नव्हते, खुर्च्या कमी होत्या. दुष्काळ मात्र वेळेवर हजर झाला होता.

मी भूजलाच्या कामावर होतो. म्हणजे जमिनीखालचं पाणी मोजायचं. प्रत्येक तालुक्यात काही विहिरी ठरवून दिलेल्या असतात. त्यांना निरीक्षण विहिरी म्हणतात. ठरलेल्या महिन्यांत तिथे जायचं, पोलादी टेपला खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायची. खडू जिथून ओला झाला तिथे पाणी. तो आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. काम एवढंच. पण त्यासाठी गावोगाव हिंडावं लागतं. म्हणून ऑफिसात कुणालाही कुठला रस्ता, कुठलं गाव विचारायचं असलं की माझ्याकडे यायचे.

साहेबांना जागा हवी होती ती सहलीसाठी. पाडव्याला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. औरंगाबादचे मोठे साहेब सहकुटुंब येणार होते, आमचे साहेब त्यांच्या मंडळींसह, आणि आणखी एक कुटुंब. दोन दिवस कुठेतरी निवांत, झाडाखाली.

"औशाचा किल्ला?" साहेब म्हणाले.

"तापतो, सर. सावली न्हाई."

"नांदेडकडे जाऊ या का? सहस्रकुंडाचा धबधबा?"

"यंदा नुसता खडक दिसंल."

"हत्तीबेट?"

"डोंगर चांगला हाय. पण खाली पाण्याची सोय बघावी लागंल. सोबत टँकर न्यावा लागंल."

साहेबांनी चष्मा काढला. "सोनकांबळे, तुम्ही सगळीकडे फिरता. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एक जागा नाही?"

जागा होती. मला ती माहीत होती. मी नकाशाची घडी घालायला लागलो.

तेव्हा ते म्हणाले, "तुमचा नांदेडच्या बदलीचा अर्ज मोठ्या साहेबांकडेच आहे. ते दोन दिवस आपल्यासोबत असणार. बोलता येईल मला."

माझी बायको सुमन नांदेडजवळच्या उमरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मुलगी तिच्यापाशी. मी लातुरात एका खोलीत. त्या हिवाळ्यात मुलीला गोवर आला, तो उतरला, आणि मग मला पत्र मिळालं. दोन वर्षांत तीन अर्ज झाले होते माझे. तरी मी "बघतो, सर," म्हणून बाहेर आलो.

आमची जीप हमीदभाई चालवायचे. उदगीरचे. त्यांना मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. ते इंजिनावर वाकले होते, तसेच वाकून म्हणाले, "नक्को, साब. तुमी कुठल्या जागेचा विचार करून राहिलेत ते मला समजलं. ती जागा नका सांगू."

मी ती सांगितली. दुसऱ्या दिवशी, सकाळी, साहेबांचा चहा यायच्या आत.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. देवणीच्या पुढे, कर्नाटकच्या शिवेला लागून आहे. आपल्या भागात सगळीकडे काळा खडक असतो, तसा तिथे नाही. तिथे माळावर जांभा दगड आहे, लाल आणि भोकाभोकांचा. पावसाचं पाणी तो स्पंजासारखा पितो. जांभ्याखाली चिकट पिवळ्या मातीचा थर आहे. त्या थरातून पाणी खाली जात नाही. मग ते आडवं सरकत येतं आणि माळाच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर पडतं. परातीत ओला स्पंज ठेवलाय असं समजा. स्पंज म्हणजे जांभा आणि परात म्हणजे ती माती.

त्या झऱ्यावर कुणीतरी फार पूर्वी दगडी कुंड बांधलेलं. पुरुषभर पाणी. भोवती पंचवीस-तीस आंब्याची झाडं. चैत्रात पळसही फुललेले असायचे. बाकी सगळा मुलूख करपलेला, आणि टेकाडाला वळसा घातला की एकदम गार. माझी एक निरीक्षण विहीर त्या आमराईतच होती. मी मोजत होतो त्या दोन्ही वर्षांत तिथला आकडा फारसा हलला नव्हता. मी तो रजिस्टरमध्ये इमानदारीने लिहीत होतो. रजिस्टर कुणी उघडत नव्हतं.

आमराईची राखण नागम्मा करायच्या. साठीच्या असतील. नवरा वारलेला, मुलगा बिदरकडे. त्यांच्याकडे देवणी जातीच्या नऊ गायी आणि एक वळू होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लोंबते कान. गावात मिळून त्या जातीची साठ-सत्तर जनावरं होती. आजूबाजूच्या गावांतली जनावरं छावणीत किंवा बाजारात गेली होती. या गावची घरीच होती, त्या कुंडामुळे.

मी पहिल्यांदा टेप घेऊन गेलो तेव्हा नागम्मांनी विचारलं होतं, "काय मोजून राहिलास बाबा?"

"पाणी, आई."

"मोजल्यानं वाढतंय व्हय?"

उन्हातून आलेलो. मी पाणी मागितलं. गावात नवीन माणूस आला की आडनाव विचारतात. त्यांनीही विचारलं आणि मी सांगितलं. सांगताना माझी मान थोडी ताठ होते, ती सवय आहे. आमच्या वडिलांनी त्यांच्या गावात विहिरीच्या कट्ट्याखाली बसून वाट बघितलेली, वरून कुणी ओंजळीत पाणी सोडील म्हणून. छप्पन सालानंतर आमच्या घरानं बरंच मागं टाकलं. हे मात्र वडील शेवटपर्यंत सांगायचे.

नागम्मा म्हणाल्या, "मला काय मागतोस? कुंड हाय की समोर. पाय बाहेर ठेव आन् हातानं घे." तिथे सगळ्यांना तोच एक नियम होता. पाय घालायचे नाहीत.

जाताना त्या म्हणाल्या, "लई नको लिहू रे आमचं."

"लिहिलं तरी कोण वाचतंय, आई," मी म्हणालो. ते खरंच होतं.

सहलीची मंडळी दोन जीपमधून आली. मी आदल्या दिवशी जाऊन सतरंज्या, चूल सगळं बघून ठेवलं होतं. नागम्मांना सांगितलं, आमचे साहेब लोक येणार, दोन दिवस बसून जातील. त्या म्हणाल्या, "येऊ दे की. पाव्हणे हायेत." आणि त्यांनी आमराई झाडून घेतली.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण ही हकीकत सांगितली की ऐकणारा त्यांनाच शिव्या घालतो. शांत माणूस. नागम्मांनी ताक दिलं तर उठून दोन्ही हातांनी घेतलं. गायींची चौकशी केली. लेकरं कुंडाकडे धावली आणि कुणी काही म्हणायच्या आत चार-पाच जणांचे पाय पाण्यात होते. बाया हसत होत्या. कुणीतरी फोटो काढला. मी नागम्मांकडे बघितलं. त्या उठल्या. गायी घेऊन माळावर निघून गेल्या.

दुपारी मोठे साहेब कुंडाच्या काठावर बसले होते. मला बोलावलं.

"हे आटत नाही?"

"दोन वर्षांत न्हाई आटलं, सर."

"येताना रस्त्यात बायका बघितल्या तुम्ही? घागरी घेऊन रांगेत. पाच-सहा मैलांवर." त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "आणि आपली पोरं इथे पाय धुतायत. मला जेवण गेलं नाही हो."

त्यांचं काय चुकलं होतं? मीही त्याच रस्त्यानं यायचो. त्या बायका मीही बघायचो. मी फक्त त्या आकड्याचा आणि त्या रांगेचा संबंध कुणापुढे मांडला नव्हता. नागम्मांसाठी नव्हता मांडला, का कटकट नको म्हणून, हे आज नक्की सांगता येणार नाही.

सुट्टी संपल्याबरोबर हुकूम आला. या झऱ्यातून टँकर भरता येतील का, तपासा.

तपासायची रीत सोपी असते. पंप लावून पाणी उपसायचं आणि किती वेळात ते पुन्हा भरतं ते बघत बसायचं. आमच्याकडे त्याला रिकुपरेशन टेस्ट म्हणतात. मी दोन दिवस काठावर घड्याळ घेऊन बसलो. हिशोब आला तो असा: गावाचं आणि जनावरांचं भागवून रोज दोन टँकर. त्याच्या वर नाही.

साहेबांनी मान्य केलं, हेही सांगतो. दोनच टँकर सुरू झाले. नागम्मा नारळ वाहायला आल्या पहिल्या टँकरला. "तहानल्याला न्हाई म्हणू ने," म्हणाल्या. गावानं खळखळ केली नाही. पंधरा दिवस नीट चाललं. पाण्याची लेव्हल बोटभर उतरली, पण धरून होती. मला वाटलं, चला, निभावलं. उलट बरंच झालं की.

पण दोन टँकर किती गावांना पुरणार? वरून विचारणा व्हायला लागली. मग एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, वरच एवढं पाणी आहे तर खाली किती असेल. बोअर घ्या तिथे. बोअर मारायची रिग रिकामीच आहे.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं. मी उभाच राहिलो.

"सर, तिथे बोअर घेता येत न्हाई."

"का?"

"पाणी त्या मातीच्या थरावर बसलंय. थराला भोक पाडलं तर सगळं खाली जाईल. खालचा खडक कोरडा हाय, भेगांचा. तिथून ते कुठं जाईल ते सांगता येत न्हाई."

"नक्की?"

"शंभर टक्के कुणी सांगू शकत न्हाई, सर. पण मी असतो तर न्हाई घेतलं असतं."

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. दोन पानांची नोट, आकृतीसह. जांभा, माती, खडक असे तीन रंग भरून. खाली सही. साहेबांनी त्यावर 'वर सादर' असं लिहिलं आणि फाइल गेली.

त्याच आठवड्यात माझी नांदेडच्या बदलीची ऑर्डर आली. टपालाचा पिवळा लिफाफा. साहेबांनी स्वतः हातात दिला. म्हणाले, "चार दिवस रजा घ्या. उमरीला जाऊन घरच्यांना सांगा. मग चार्ज द्या."

मी गेलो. सुमननं पुरण घातलं. नांदेडात खोली बघितली, मुलीसाठी शाळा विचारली. चार दिवस मी त्या फाइलचा विचार केला नाही असं नाही. केला. पण नोट दिली होती. सही केली होती. माझं काम झालं होतं.

रजा संपवून लातूरच्या स्टँडवर उतरलो तर हमीदभाई जीप घेऊन उभे होते. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं.

"बसा," म्हणाले.

"काय झालं?"

"मारलं बोअर. परवा."

"नोट होती ना माझी?"

"फाइल वर गेली, रिग खाली आली. दोघांची गाठ न्हाई पडली."

आम्ही सरळ तिकडेच गेलो. उदगीरच्या पुढे हमीदभाई एकदा बोलले. "मी रिगवाल्याला बोललो होतो, साब, थांब दोन दिवस. तो बोला, तू ड्रायवर, तू ड्रायवरी कर."

कुंडापासून पन्नासेक पावलांवर, आंब्याची एक फांदी तोडून रिग उभी केली होती. आता तिथे फक्त राखाडी चिखलाचा ढीग आणि मध्ये सहा इंचांचं भोक. मी गुडघ्यांवर बसून कान लावला. खाली पाणी पडत होतं. आवाज बारीक होता, पण थांबत नव्हता. पाणी लागलं असतं तर असा आवाज आला नसता. हे वरचं पाणी खाली पडत होतं. रिगवाल्यानं दोनशे फूट मारून वहीत लिहिलं होतं, 'कोरडं'.

कुंडात पायऱ्यांवर हिरवा ओला पट्टा दिसत होता. पाणी त्याच्या खाली हातभर गेलं होतं. मी खडू लावून टेप सोडली. अर्ध्या तासानं पुन्हा सोडली. पाणी आणखी उतरलं होतं.

नागम्मा घरी होत्या. मी गेलो नाही त्यांच्याकडे. जीपमध्ये बसून परत आलो.

पाचव्या दिवशी कुंडाचा तळ दिसला. टँकर बंद झाले. म्हणजे गावाचंही गेलं आणि त्या दोन टँकरवर जगणाऱ्या चार वाड्यांचंही गेलं. मग गावातली जनावरं हलली. काही लोकांनी पाव्हण्यांकडे बिदर, भालकीला नेली. बाकीची छावणीत. ज्या गावानं दोन वर्षं एक गाय हलवली नाही, ते गाव एका हप्त्यात मोकळं झालं.

चार्ज देण्याआधी मी छावणीत गेलो. नागम्मा पत्र्याच्या आडोशाला बसल्या होत्या. नऊपैकी सहा गायी होत्या. वळू नव्हता. 

त्यांनीच हाक मारली. "ये बाबा. बस."

मी बसलो.

"तू हुतास का त्या दिवशी? भोक मारलं तवा?"

"न्हाई, आई. उमरीला होतो. रजेवर."

"हां." त्यांनी मान हलवली. "मी समद्यांना तेच सांगितलं. लोकं बोलून राहिले हुते, त्या मोजणाऱ्यानंच सायेब आणले म्हणून. मी म्हणलं, न्हाई, त्यो असता तर त्यानं थांबवलं असतं."

मला गप्प बसवलं नाही. मी म्हणालो, "आई, मला आधीपासून माहीत होतं. बोअर मारलं तर पाणी जाईल, हे मी लिहून दिलं होतं."

"कुनाला?"

"साहेबांना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नाही त्यांचा. त्या खरोखरच विचारत होत्या.

"मग मला का न्हाई सांगितलंस? आमी बसलो असतो की त्या जागेवर. समदं गाव बसलं असतं. आमच्या अंगावरनं मशीन नेलं असतं का त्यांनी?"

 सहलीची जागा मीच सांगितली होती आणि का सांगितली होती, तेही त्यांना सांगायचं ठरवून गेलो होतो. ते तोंडातून निघालं नाही. एक गाय उठून उभी राहिली, नागम्मा तिच्याकडे गेल्या, आणि मी निघालो.

नांदेडला हजर व्हायला मी आठ दिवस उशीर केला. त्याचा खुलासा मागवला गेला, तो दिला. त्या आठ दिवसांत हमीदभाई, मी आणि गावातले उरलेले लोक बोअर बुजवत होतो. नुसते दगड टाकून भागत नाही, कारण दगडांच्या फटीतून पाणी जातंच. आधी मातीच्या थराच्या खाली भोकात दगडांचा बूच बसवायचा. त्यावर त्याच चिकट मातीचे लाडू करून, सुकवून, एकेक टाकायचे आणि जड सळईनं ठोकायचे. वर सिमेंट. बाया लाडू वळत होत्या, पुरुष ठोकत होते. ऑफिसनं सिमेंट दिलं. साहेबांनी स्वतः येऊन बघितलं, काठावर उभे राहिले आणि मला म्हणाले, "मी फाइल घेऊन स्वतः जायला पाहिजे होतं."  मीही तेच करायला पाहिजे होतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. कुंडात घोट्याच्या वर पाणी आलं, नंतरच्या वर्षी गुडघ्यापर्यंत. तिथेच थांबलं. आमराईतली निम्मी झाडं वाळली. गेलेल्या जनावरांपैकी थोडीच परत आली. नागम्मा दोन गायींवर आल्या होत्या, असं हमीदभाईंनी कळवलं. मी तिकडे पुन्हा गेलो नाही.

नांदेडात मी पुढे बरीच वर्षं काढली. हाताखाली नवी पोरं-पोरी यायची, एमएस्सी झालेली, माझ्यापेक्षा हुशार. ती विचारायची, सर, एखादी साईट धोक्याची वाटली तर नोट कशी लिहायची? मी त्यांना नमुना द्यायचो. आणि सांगायचो की नोट लिहा, प्रत ठेवा, पण फाइल वर पाठवायच्या आधी गावात जा. ज्यांचं पाणी जाणार आहे त्यांना ओट्यावर बसून, त्यांच्या भाषेत, तीच गोष्ट सांगा. नियमात हे कुठे लिहिलेलं नाही. काही साहेब याला शिस्तभंग म्हणतात. मला त्यासाठी एकदा मेमो मिळाला. तो मी खुशाल घेतला.